हसून झालं? आता शहाळं घ्या

विनोदी लेखकाने गावात राहू नये. शहरात तो खपून जातो, कारण तिथे शेजारी काय लिहितो याची शेजाऱ्याला फिकीर नसते. आमच्या भाट्यात मात्र एका दिवाळी अंकात माझा लेख छापून आला आणि त्या दिवसापासून मी सार्वजनिक मालमत्ता झालो. सत्यनारायणाच्या निमंत्रणात "कायतरी गमतीचं टाका", वाडीतल्या पाणीपट्टीच्या थकबाकीवर "लोक हसत हसत पैसे भरतील असं लिवा". एका गृहस्थांनी वडिलांच्या पंच्याहत्तरीचं भाषण माझ्याकडून लिहून घेतलं आणि वाचताना दर विनोदाला माझ्याकडे बोट दाखवून "हे यांचं आहे, माझं नाही" असं सभेला सांगितलं. मोबदला म्हणून नारळ मिळतो. भाट्यात कुणी मोबदला म्हणून नारळ देणं म्हणजे काय, ते परसात पंधरा माड असलेल्या माणसालाच कळेल.

त्यामुळे शेजारचे अण्णा सकाळी सकाळी ओसरीवर येऊन बसले आणि चहाला "नको" म्हणाले नाहीत, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

"मास्तर," ते म्हणाले, "गाड्या थांबत नाहीत."

अण्णा आयुष्यभर कंडक्टर होते. गाडी थांबवायला त्यांना घंटीची दोरी ओढली की पुरत असे. दुसऱ्याच्या गाड्या थांबवण्याची विद्या त्यांच्या नोकरीत कधी आलीच नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी पावसच्या रस्त्याला, सुरूच्या बनापाशी खोकं टाकलं. पुढे शहाळ्यांचा ढीग, दोरीला तळलेल्या गऱ्यांच्या पुड्या, बाटल्यांतून कोकम आणि काकूंनी स्वतः घातलेली आंबापोळी. माल अस्सल. अडचण एवढीच, की भाट्याचा पूल ओलांडून काजळीची खाडी मागे पडली की समुद्र उजव्या हाताला लागतो आणि तिथपासून झरी विनायकापर्यंत पर्यटकाची मान उजवीकडे वळलेली असते. अण्णांचं खोकं डाव्या हाताला आहे.

"टीव्हीवर नाय का हसवणाऱ्या जाहिराती दाखवत," अण्णा म्हणाले, "तसली एक पाटी लिवून द्या. माणूस हसला की सैल पडतो. सैल पडला की पाकीट निघतं."

मी मान डोलावण्याआधी आतून हिचा आवाज आला. "त्यांना कुठे विचारताय अण्णा? त्यांना जाहिराती सगळ्या पाठ आहेत. फक्त कशाच्या ते सांगता येत नाही."

हा आरोप अण्णांसमोर झाल्यामुळे तिथल्या तिथे परीक्षा झाली. ही विचारणार, मी उत्तर देणार आणि अण्णा चहाचा कप हातात धरून पंच.

"राजवाड्यात दिव्यांच्या जागी माणसं टांगलेली असतात आणि दात चमकवून उजेड पाडतात, ती कशाची?"

"टूथपेस्टची!" मी ताडकन म्हणालो. त्या जाहिरातीवर मी इतका खूश होतो की दुसऱ्याच दिवशी टूथपेस्ट बदलली होती.

"हॅपिडेंटची. च्युइंगमची. पुढचा प्रश्न. नवरा गेलेला असतो, बायका बायकोचं कुंकू पुसायला जातात, ते काही केल्या पुसलंच जात नाही आणि नवरा उठून बसतो."

"कुंकवाची," मी म्हणालो. याहून सोपा प्रश्न असू शकत नव्हता.

"मार्करची. कॅमलिनच्या. न पुसणारा मार्कर!"

अण्णांनी बशी खाली ठेवली. "मास्तर, तुमाला काय विकता येतंय ते बगू नंतर. तुमाला कोण काय विकू शकत नाय, हे मात्र खरं."

जाहिरातीच्या धंद्यात या रोगाला 'व्हॅम्पायर इफेक्ट' असं नाव आहे. विनोद इतका रंगतो की तो मालाचंच रक्त पिऊन टाकतो. प्रेक्षकाला विनोद आठवतो आणि मालाच्या नावाचं भूत होतं. हे नाव मला ठाऊक असल्याचा घरातल्या परीक्षेत काही उपयोग झाला नाही.

तरीही मी पाटी लिहायला घेतली. लेखकाला दोन ओळींत लिहायला सांगितलं की तो दोन वह्या भरतो. 'वरून कडक, आतून गोड' हे मी पहिल्या पानावरच खोडलं, कारण कोकणी माणसाचं वर्णन करताना ते वाक्य इतक्या जणांनी वापरलंय की आता नारळालाच त्याचा कंटाळा आला असेल. शेवटी ठरलं ते असं:

'शहाळं डोक्यावर पडलं तर फुकट. विकत घेतलं तर ६० रुपये.'

अण्णांनी वाचलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "हसायचं कुठं?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. "बरं," ते म्हणाले, आणि पाटी पेंटरकडे गेली. पेंटर कलावंत निघाला. त्याने एका कोपऱ्यात माड काढला, माडाखाली टेंगूळ आलेला माणूस काढला, आणि खाली स्वतःचं नाव माझ्या विनोदापेक्षा ठसठशीत अक्षरांत काढलं.

पाटी लागली त्या रविवारी गाड्या थांबल्या. एमएच १२, एमएच ०९, एमएच १०, सगळ्या थांबल्या. मी सुरूच्या आडून बघत होतो. पुण्याचं एक कुटुंब उतरलं. वडिलांनी पाटी मोठ्याने वाचली, आई हसली, मुलं हसली, आजी गाडीत बसल्या बसल्या "काय लिहिलंय रे?" करत होत्या, त्यांना पुन्हा वाचून दाखवली, त्या हसल्या. माझा ऊर भरून आला. मग सगळे पाटीपुढे उभे राहिले. फोटोवाल्याने मोबाइल उभा धरला, आडवा धरला आणि ढिगामागे कोयता घेऊन उभ्या असलेल्या काकूंना म्हणाला, "काकू, जरा बाजूला व्हाल का? पाटी झाकली जातेय."

काकू बाजूला झाल्या. फोटो निघाला. गाडी निघाली.

मागून कोल्हापूरची पोरं आली. "एक नंबर पाटी हाय भावा!" एकाने अण्णांचा हात हातात घेऊन हलवला. अण्णांनी दुसऱ्या हाताने शहाळं उचललं. "नको काका, आत्ताच चहा मारलाय पुलाच्या अलीकडं." एक मुलगी आली, तिने अण्णांना पाटी वाचायला लावली, मग "जरा हसून वाचा ना", मग "आता माझ्याकडे न बघता वाचा". असं तिचं रीळ होईपर्यंत समोर गऱ्यांची पुडी मागत उभं असलेलं एक खरंखुरं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. एक वृद्ध गृहस्थ चष्मा सावरून बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले. हे घेणार, असं मला वाटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि अण्णांना म्हणाले, "'शहाळं' बोलायला ठीक आहे. लेखी 'शहाळे' पाहिजे. दुरुस्त करून देऊ?"

संध्याकाळी अण्णा हिशेब करून आले. "मास्तर, आज इतकी माणसं हसली की इचारू नका. माल मात्र शुक्रवारी विकला तेवढाच. शुक्रवारी कोण हसलं नव्हतं."

आता हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला. मी घरी येऊन पुस्तकं काढली आणि दुसऱ्या दिवशी खोक्यावर जाऊन अण्णांना जगाचा इतिहास सांगितला. क्लॉड हॉपकिन्स नावाचा एक अमेरिकन जाहिरातवाला होऊन गेला. त्याने १९२३ साली पुस्तक लिहिलं आणि बजावलं, की विदूषकाकडून कोणी माल विकत घेत नाही. पुढे डेव्हिड ओगिल्व्ही हे जाहिरातीतलं सर्वांत मोठं नाव. तेही बराच काळ हॉपकिन्सचंच धरून बसले. मात्र १९८३ साली त्यांनी आपल्या पुस्तकात कबूल केलं, की आता आकडे पाहता विनोदानेही माल खपतो.

अण्णांनी बोटं मोजली. "तेवीस ते त्र्याऐंशी. साठ वर्षं लागली?"

"हो."

"मग आपल्याला आजून दोन रविवार देऊ."

मी आणखी पुढे गेलो. वाइनबर्गर आणि गुलास या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९९२ साली विनोदी जाहिरातींवरचं तोवरचं सगळं संशोधन चाळून निष्कर्ष काढला. विनोदाने लक्ष वेधलं जातं, जाहिरात आवडते, पण गंभीर जाहिरातीपेक्षा ती माणसाला जास्त पटते असं काही ठामपणे म्हणता येत नाही. अण्णा म्हणाले, "त्यांना कशाला एवढी मेहनत? रविवारी आमच्या खोक्यावर उभं करायचं होतं." पुढे विनोदामुळे सांगणाऱ्यावरचा विश्वास थोडा कमी होतो, असंही एका जर्मन प्राध्यापकाने दाखवून दिलं, हे मात्र मी अण्णांना सांगितलं नाही. माझ्यावरचा विश्वास कमी होण्यासाठी त्यांना जर्मन मदतीची गरज नव्हती.

खोक्यावर एकदा हा विषय निघाला, की बंद होईना. आमच्या गावात कुठल्याही विषयाची तज्ज्ञ मंडळी सुरूच्या सावलीत हजर असतात. कोणीतरी फेविकॉलची जाहिरात काढली. राजस्थानातल्या रस्त्यावरून जाणारी ती बस, टपावर, दारात, खिडकीला, मागे, पुढे माणसंच माणसं, खड्ड्यांतून आदळत जाते तरी एकही पडत नाही, आणि मागच्या बाजूला फेविकॉलचं नाव. पियुष पांडे यांच्या ओगिल्व्हीची २००२ सालची. सगळ्यांना आठवत होती आणि विशेष म्हणजे कशाची तेही आठवत होतं. मीसुद्धा बरोबर सांगितलं.

अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांचा व्यावसायिक अभिमान दुखावला होता. "त्यात काय नवल? गणपतीत चाकरमान्यांची गाडी अशीच भरून आणायचो आमी. डिंक न लावता. आणि त्यात तिकटं फाडत पुढं जायचो, ते दाखवलंय काय त्यांनी?"

पण एक कळीचा मुद्दा त्यात होता. त्या जाहिरातीत विनोद काढून टाकला तर माल उरत नाही आणि माल काढून टाकला तर विनोद उरत नाही. माझ्या पाटीतलं शहाळं काढून तिथे फणस घातला असता तरी चाललं असतं. उलट जास्तच चाललं असतं.

मग कुणीतरी लिज्जत पापडचा ससा काढला. रामदास पाध्यांचा तो बोलका ससा आणि त्याचं ते खिदळणं. आमच्या पिढीला कुठलंही पापडाचं ताट समोर आलं की तो अजून कानात हसतो. काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "ससा नंतर आला. पापड आधी होता." हे अगदी खरं. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, तेव्हा हसणारा ससा सोडा, घराघरांत टीव्हीही नव्हता. पापड चांगला निघाला, तोंडोतोंडी झाला, मग सशाने त्यावर उडी मारली. काकू एवढं बोलून पुन्हा आंबापोळीच्या वड्या पाडायला लागल्या. पाटीवर झालेला खर्च त्यांना पहिल्यापासून पटलेला नव्हता.

जाहिरातीने माल खपतच नाही असंही नाही. खपतो. फक्त तोच खपतो असं नाही. २००३ च्या सुमारास हच टेलिफोनवाल्यांनी एका मुलामागे जिथे तिथे जाणारा चपट्या नाकाचा पग कुत्रा दाखवला आणि देशभर पगची मागणी वाढली. पुण्यातल्या माझ्या चुलतभावाने लगोलग एक आणला. फोनचं कार्ड त्याने दुसऱ्याच कंपनीचं ठेवलं, कारण ते स्वस्त पडत होतं. उन्हाळ्यात तो त्या कुत्र्याला घेऊन भाट्याला आला. कुत्र्याने किनाऱ्यावरची वाळू बघितली, आमची हवा बघितली आणि चार पाय ताणून जो बसला, तो उठेना. जाहिरातीत जो मुलाच्या मागे जगाच्या टोकापर्यंत जात होता, त्याला आमच्या चुलतभावाने झरी विनायकाहून खांद्यावर घेऊन आणला.

अमेरिकेत तर याहून गंमत झालेली आहे. न्यूयॉर्कच्या पील्स नावाच्या बिअर कंपनीने १९५५ सालापासून बर्ट आणि हॅरी नावाच्या दोन भावांच्या व्यंगचित्रांच्या जाहिराती केल्या. बॉब आणि रे या विनोदवीरांनी आवाज दिले. लोक जाहिरातींवर इतके फिदा झाले की टीव्हीवर त्या कधी लागणार याची चौकशी करू लागले. मग साहजिकच त्यांनी बिअर विकत घेतली आणि प्यायली, तिथेच सगळं फिसकटलं. विक्री जाहिरातीच्या मागोमाग काही चढत राहिली नाही. कंपनीने जाहिराती बंद केल्या तेव्हा लोकांनी हळहळ व्यक्त केली ती बर्ट आणि हॅरीसाठी.

"म्हंजे चांगली जाहिरात वाईट मालाला मारते," अण्णा म्हणाले.

"हो ना!"

"आणि चांगल्या मालाला काय करते? कारण माल आमचा चांगला आहे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर भाट्याच्या पुलावर मिळालं, तेही न मागता. संध्याकाळी तिथे गळ टाकून बसणारे एक काका आहेत. त्यांच्यासमोर मी दुसरी जाहिरात काढली. एक सुटाबुटातला माणूस महागडा गळ टाकून तासन् तास तळ्याकाठी बसलेला असतो, शेजारी एक साधा माणूस येतो, काठीला फेविक्विकचे थेंब लावतो, पाण्यात बुडवतो आणि काठीला चिकटलेले मासे घेऊन निघून जातो. मला वाटलं, व्यवसायबंधू म्हणून काका लोटपोट होतील. ते पाण्याकडे बघतच राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मास्तर, हसायला तोंड उघडतं, गिळायलाबी उघडतं. पण दोन्ही एकदम नाय होत. माशाचंबी नाय, माणसाचंबी नाय." आणि गळाला नवी कोळंबी लावली.

एवढी सैद्धांतिक बैठक झाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण लेखकाला वाटतं, की दोष विनोदात नाही, या विनोदात आहे. मी दुसरी पाटी लिहिली: 'न्यूटन माडाखाली बसला असता तर शोध सांगायला उरला नसता.' त्यावर दुप्पट फोटो निघाले आणि एका शाळेची सहल थांबली. सरांनी मुलांना तिथेच उभं करून गुरुत्वाकर्षण शिकवलं. शहाळं एकच घेतलं, प्रात्यक्षिकासाठी, आणि ते परत दिलं. तिसरी लिहिली: 'येथे शहाळ्यात फक्त पाणी मिळेल. दूधवाल्यांनी गर्दी करू नये.' त्यावर भाट्यातलेच एक दूधवाले येऊन अण्णांना "हे कोणासाठी आहे?" असं विचारून गेले, आणि आमच्याकडचं दूध दोन दिवस उशिरा यायला लागलं. या काळात माझ्या पाट्यांनी खरा धंदा कोणाला मिळवून दिला असेल, तर तो पेंटरला. खालचं ठसठशीत नाव वाचून त्याला दोन रिसॉर्टची कामं लागली.

ही म्हणाली, "जरा नारळ संशोधन केंद्रात जाऊन या. १९५५ पासून आहे ते भाट्यात. बाहेर बोर्डावर एक विनोद लिहिलेला नाही. पावसाळ्याच्या तोंडाला माणसं 'प्रताप'ची रोपं मागत येतातच ना?"

"ते सरकारी आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर म्हणते. सरकारी असून खपतं."

अशात एके सकाळी माझी पाटी मला परत मिळाली. व्हॉट्सॅपवर. नातेवाइकांच्या गटात आत्याने पाठवली होती. 'पुण्यातल्या एका दुकानातली पाटी!!' असं वर, पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे, मग माझा डोक्यावर पडणाऱ्या शहाळ्याचा मजकूर अक्षरशः, आणि त्याखाली: '— पु. ल. देशपांडे'.

मराठीत कुठलाही बरा विनोद फार काळ निनावी राहू शकत नाही. तो चालत चालत पु. लं.च्या घरी जातो. त्यात माझी तक्रार नाही. माझी तक्रार हिच्याबद्दल आहे. तिने तो वाचला, मनापासून हसली आणि मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाली, "बघा. असं लिहायला पाहिजे."

फुकटची जाहिरात ही अशी असते. चितळ्यांचंच घ्या. पुण्यात चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद, यावर महाराष्ट्राने जेवढे विनोद केले तेवढे विनोद करवून घ्यायला एखाद्या कंपनीचं दिवाळं वाजलं असतं. त्यांनी त्यासाठी एक पैसा खर्च केला नाही. २०१७ साली दुकान दुपारीही उघडं राहू लागलं, विनोद मात्र एक ते चार चालूच आहेत. पण विनोद करणारा प्रत्येक जण बाकरवडी घेऊनच विनोद करतो, हे विसरता कामा नये. अमूलचंही तसंच. १९६६ पासून ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी दा कुन्हांच्या जाहिरात कंपनीतून फलकावर येते आणि चालू घडामोडींवर कोटी करून जाते. आपले भरत दाभोळकरही त्या कोट्यांत होते. कोटी कळली नाही तरी लोणी कळतं.

याच सुमारास माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ती आधीच यायला हवी होती, पण मी सुरूच्या आडून फक्त पाटीकडे बघत होतो. एका दुपारी एक बाई खोक्यापाशी आल्या आणि त्यांनी पाटीकडे ढुंकूनही न पाहता विचारलं, "शहाळं ताजं आहे ना?"

"नाय ओ," अण्णा कोयता उचलत म्हणाले, "मागच्या गणपतीतलं आहे. तुमच्यासाठी म्हणून ठेवलेलं."

बाई हसायला लागल्या. त्या हसून संपेपर्यंत कोयत्याचे तीन घाव बसले होते, वरची टोपी उडाली होती आणि शहाळं नळीसकट त्यांच्या हातात होतं. आता 'नको' कसं म्हणणार?

मी सावध होऊन पाहू लागलो. हाच खेळ दिवसभर चालला होता.

"काका, यात पाणी आहे ना नक्की?"

"नाय, डिझेल आहे. गाडीत घालायचंय की पोटात?" खट्, खट्, खट्.

"काका, मलईवालं द्या हं."

"वरनं दिसत असतं तर डॉक्टर झालो असतो, कंडक्टर कशाला?" खट्, खट्, खट्.

"पन्नासला द्या ना."

"देतो की. दहा रुपयांचं पाणी बाहेर ओतू?" खट्.

गिऱ्हाईक हसत असतं तोवर अण्णांचा हात चालू असतो. पाटीवरचा विनोद वाचताना माणसाच्या हातात मोबाइल असतो, अण्णांचा विनोद ऐकताना त्याच्या हातात शहाळं आलेलं असतं. हॉपकिन्सने विदूषकाबद्दल काहीही लिहिलेलं असो, त्याने कोयता घेतलेला विदूषक पाहिलेला नव्हता.

मी हे निरीक्षण अण्णांना सांगितलं. त्यांना त्याचं अजिबात कौतुक वाटलं नाही. "त्याला विनोद म्हणतात?" ते म्हणाले. "मी तर वैतागून बोलतो."

माझ्या लेखनाचा याहून मोठा पाणउतारा पूर्वी झाल्याचं मला आठवत नाही. एका माणसाचा वैताग खपत होता आणि एका माणसाचा विनोद फोटोत जात होता.

तरी माझ्या हातून एक पाटी चालली, हे नोंदवून ठेवतो. एका शनिवारी काकूंना बरं नव्हतं, नवी आंबापोळी झाली नव्हती, म्हणून अण्णांनी मला घाईघाईत खडू दिला आणि मी पुठ्ठ्यावर लिहिलं: 'आज आंबापोळी शिल्लक नाही.' बस. एक गाडी थांबली. "संपली? कधी मिळेल?" दुसरी थांबली. "उद्या परत जाताना घेतली तर चालेल? नाव लिहून ठेवता?" एक बाई तर "थोडी तरी असेल हो आत" असं म्हणून काकूंच्या डब्यात डोकावून आल्या. संध्याकाळपर्यंत अण्णांच्या वहीत नावांची यादी झाली होती, आणि त्यातल्या कुणीही आंबापोळी चाखलेली नव्हती. काकूंना बरं वाटल्यावर अण्णांनी तो पुठ्ठा काढायला नकार दिला. आता तो कायम तिथेच असतो आणि त्याच्याखाली काकू आंबापोळी विकत बसलेल्या असतात.

विनोदी पाट्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. अण्णा त्या काढून गुरांच्या गोठ्याला आडोसा करणार होते. शेडला एक बाजू उघडीच होती आणि पावसाळा तोंडावर आलेला. तेवढ्यात एमएच १२ ची एक गाडी थांबली. उतरलेल्या तरुणाने सगळ्या पाट्या वाचल्या, हसला, फोटो काढला आणि मग नेहमीसारखा निघून गेला नाही. त्याचं पुण्यात 'कोकणी थाळी'चं हॉटेल निघणार होतं.

"काका, ही पाटी केवढ्याला?"

अण्णांच्या सबंध आयुष्यात त्यांना उत्तर द्यायला एवढा उशीर झाला नव्हता. "शहाळं साठ," ते सावकाश म्हणाले, "पाटी सहाशे."

"तिन्ही द्या," तरुण म्हणाला. घासाघीस केली नाही. नंतर शहाळं घेताना मात्र दहा रुपये कमी करायला लावले.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी पेंटरला डझनभर पाट्यांची ऑर्डर दिली. पेंटरने त्याच्या नावाचे वेगळे पैसे लावले, ते अण्णांनी दिले, कारण गिऱ्हाइकं 'सही असलेली' मागत होती. न्यूटन सर्वांत जास्त खपतो. दूधवाल्यांची पाटी चिपळूणच्या एका दूधवाल्याने स्वतः नेली. आता लांबून लोक थांबतात ते पाट्यांसाठी, आणि उन्हात उभं राहून तहान लागते म्हणून शहाळंही घेतात. काकू म्हणतात, "पाटीवर शहाळं फुकट द्या म्हणजे लवकर जातील, जागा अडते."

काल अण्णा पुन्हा ओसरीवर आले. चहाला 'नको' म्हणाले नाहीत.

"मास्तर, एक पाटी लिवून द्या. 'येथे पाट्या मिळतील' अशी."

मी उत्साहाने वही पुढे ओढली. "छान! त्यात एक कोटी घालू. म्हणजे कसं, पाटीवर पाटी..."

अण्णांनी वहीवर हात ठेवला.

"नको. सरळ लिवा. पाट्या मिळतील, दर सहाशे. विनोद घातलात तर फोटो काढून निघून जातील."